मंगळवारची शिकवणी

कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये एक ठरलेला प्रश्न असतो. "कॉलेजात असताना लीडरशिप दाखवल्याचं एखादं उदाहरण सांगा." उत्तरंही ठरलेली असतात. कोणी गॅदरिंगसाठी स्पॉन्सर मिळवलेले असतात, कोणी टेक-फेस्टचा कोऑर्डिनेटर असतो, कोणी एनएसएसच्या कॅम्पला वीस पोरं घेऊन गेलेला असतो. टिंगल करायची नाहीये, या सगळ्यात कष्ट असतातच. पण टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झाल्यावर माझ्या मनात एक शंका राहिलीच. हे नेतृत्व नावाचं प्रकरण शिकता येतं का? म्हणजे डेटा स्ट्रक्चर्स शिकतो तसं, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, सराव करून? की ते जन्मतःच लागतं आणि कॉलेज फक्त त्याला स्टेज मिळवून देतं?

या प्रश्नाचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर अमेरिकेतल्या नॅशव्हिल नावाच्या शहरात आहे. साल १९५९-६०. आणि गंमत म्हणजे तिथे जाणारी एक वाट चक्क आपल्या नागपुरातून जाते.

तर आधी नागपूर.

जेम्स लॉसन हा ओहायो राज्यात वाढलेला कृष्णवर्णीय मुलगा, जन्म १९२८ चा, वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक. लॉसन कॉलेजात असताना कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि त्यांनी सक्तीच्या सैन्यभरतीला नकार दिला. तीन वर्षांची शिक्षा झाली, तेरा महिने तुरुंगात काढून सुटले. उरलेली डिग्री पूर्ण केली आणि १९५३ साली चर्चतर्फे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात दाखल झाले. विद्यार्थ्यांमध्ये काम करायला आणि खेळांचं कोचिंग करायला. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होती, सेवाग्राम तिथून जेमतेम पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर. गांधीजी जाऊन पाचच वर्षं झाली होती, त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं भेटत होती, बोलत होती. लॉसन यांनी सत्याग्रह हा विषय अभ्यासक्रमासारखा लावून धरला. प्रार्थनेचा भाग वेगळा. त्यांना यातलं तंत्र हवं होतं. माणसं तयार कशी करतात? मार खाताना हात न उचलण्याचा सराव कसा करून घेतात?

डिसेंबर १९५५ मध्ये 'नागपूर टाइम्स'मध्ये त्यांनी बातमी वाचली, की अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकलाय आणि पुढारी आहे मार्टिन ल्यूथर किंग नावाचा एक तरुण पाद्री. पुढच्या वर्षी लॉसन अमेरिकेत परतले. फेब्रुवारी १९५७ मध्ये ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात दोघांची गाठ पडली. दोघंही २८ वर्षांचे. लॉसन म्हणाले, शिक्षण संपलं की दक्षिणेत काम करायला यायचा विचार आहे. किंगचं म्हणणं, थांबू नका, आत्ताच या, आमच्याकडे हे शिकलेलं दुसरं कोणी नाही.

१९५८ साली लॉसन नॅशव्हिलला आले. व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्राला नाव घातलं आणि 'फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन' या शांततावादी संस्थेचं काम सुरू केलं.

आता नॅशव्हिलची परिस्थिती समजून घेऊ. डाउनटाउनमध्ये मोठमोठी डिपार्टमेंट स्टोअर्स. कृष्णवर्णीय गिऱ्हाईक आत येऊ शकतं, कपडे, वह्या, टूथपेस्ट घेऊ शकतं, पैसे देऊ शकतं. पण त्याच दुकानातल्या लंच काउंटरवर, म्हणजे जिथे स्टुलावर बसून सँडविच-कॉफी घेतात तिथे, त्याला बसता येणार नाही. त्याच गल्ल्यावर त्याच डॉलरची नोट चालते, पण माणूस चालत नाही!

आणि हाच लंच काउंटर लढ्यासाठी का निवडला? ही गोष्ट मला फार आवडते. लॉसन यांच्या सुरुवातीच्या बैठकांना शहरातल्या गृहिणीही यायच्या. त्यांनी सांगितलं, की मुलांना घेऊन खरेदीला जातो, पाय दुखतात, पोरं भुकेजतात, आणि टेकायला सबंध डाउनटाउनमध्ये एक जागा नाही. मुद्दा तिथून आला. आपल्या भाषेत, रिक्वायरमेंट युजरकडून आली, कॉन्फरन्स रूममधून नाही :)

१९५९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात कॉलेजं उघडली आणि विद्यार्थी येऊ लागले. क्लार्क मेमोरियल नावाच्या चर्चच्या तळघरात, मंगळवारी संध्याकाळी. शहरात कृष्णवर्णीयांच्या चार उच्च शिक्षणसंस्था होत्या. फिस्क विद्यापीठ हे त्यातलं प्रतिष्ठित, डॉक्टर-वकिलांच्या मुलांचं. उलट टोकाला अमेरिकन बॅप्टिस्ट सेमिनरी, जिथे पोरं काम करून शिकायची. त्याच सेमिनरीच्या स्वयंपाकघरात भांडी घासणारा एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता. अलाबामातल्या खेड्यातला, लाजाळू, बोलताना अडखळणारा. जॉन लुईस त्याचं नाव. फिस्कमध्ये शिकागोहून आलेली एकवीस वर्षांची डायान नॅश होती. उत्तरेत वाढल्यामुळे 'फक्त गोऱ्यांसाठी' ही पाटी तिच्या रोजच्या अनुभवातली नव्हती. टेनेसीच्या जत्रेत बायकांच्या स्वच्छतागृहावर ती पाटी बघून तिचं डोकं फिरलं. याविरुद्ध कोणी काही करतंय का, असं ती विचारत फिरत होती. कोणीतरी मंगळवारच्या शिकवणीचा पत्ता दिला.

या दोघांपैकी कोणालाही आपल्या ठरलेल्या प्रश्नाचं चांगलं उत्तर देता आलं नसतं, हे लक्षात घ्या.

शिकवणीत काय चालायचं? आधी वाचन आणि वाद. गांधी, थोरो, बायबल, चिनी तत्त्वज्ञ. 'समोरच्यावर प्रेम करा' म्हणजे नक्की काय करायचं, तो थुंकला तर काय, यावर तासन्‌तास चर्चा. डायानला सुरुवातीला हे सगळं पटलं नव्हतं. हे प्रत्यक्षात चालणार नाही असंच तिला वाटायचं. पण शहरात दुसरं काही चालूच नव्हतं, म्हणून ती येत राहिली.

मग खरा भाग. खुर्च्या ओळीने मांडायच्या. काही जण काउंटरवर बसलेले विद्यार्थी होणार. बाकीचे गुंड. गुंडांनी अगदी खरोखरचे गुंड व्हायचं! घाणेरड्या शिव्या द्यायच्या, सिगारेटचा धूर तोंडावर सोडायचा, खुर्ची ओढून पाडायचं. बसलेल्याने हात उचलायचा नाही. खाली पडलात तर अंगाची मुटकुळी कशी करायची, डोकं कसं सांभाळायचं, मारणाऱ्याच्या डोळ्यात का बघत राहायचं, शेजाऱ्याला फारच मार बसत असेल तर मध्ये अंग घालून तो मार कसा वाटून घ्यायचा, या सगळ्याचा सराव. मग भूमिका बदलायच्या. शेवटी बसून चर्चा करायची की तुला राग नक्की कोणत्या क्षणी अनावर झाला. ज्याला हे जमणार नाही त्याने काउंटरवर बसायचं नाही. त्यात कमीपणा काही नाही, फोन आहेत, गाड्या आहेत, निरोप आहेत, कामं भरपूर.

म्हणजे प्रॉडक्शनमध्ये जे जे बिघडू शकतं ते सगळं आधी टेस्टमध्ये बिघडवून बघायचं. आपण सर्व्हरसाठी जे करतो ते हे लोक स्वतःच्या स्वभावासाठी करत होते.

दुसरी सवय निर्णय घेण्याची. विद्यार्थ्यांची एक मध्यवर्ती समिती होती. तिचा अध्यक्ष बदलता असायचा आणि निर्णय शक्यतो सर्वांचं एकमत होईपर्यंत चर्चा करून. बैठका लांबायच्या, कंटाळा यायचा. पण एक फायदा झाला. खुर्चीत बसायची, भांडण मिटवायची, निर्णयाची जबाबदारी घ्यायची सवय एकट्याला न लागता अनेकांना लागली.

नोव्हेंबर-डिसेंबर १९५९ मध्ये दोन छोट्या चाचण्या झाल्या. हार्वीज आणि केन-स्लोन या दोन स्टोअर्समध्ये छोटे गट गेले, थोडी खरेदी केली, काउंटरवर बसले, नकार मिळाल्यावर मॅनेजरला बोलावून शांतपणे कारण विचारलं आणि निघून आले. उद्देश एवढाच, की दुकानाचं धोरण नेमकं काय आहे ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं.

मग नाताळची सुट्टी आली. आणि १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो शहरात चार विद्यार्थी वूलवर्थच्या काउंटरवर जाऊन बसले. देशभर बातमी झाली. तयारी नॅशव्हिलची आणि पहिला नंबर ग्रीन्सबरोचा! तिथून नॅशव्हिलला विचारणा झाली, तुम्हीही काही करताय का?

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मोठी सभा झाली. वडीलधाऱ्यांचं म्हणणं पडलं की थोडं थांबा. नवीन पोरं खूप आली आहेत, त्यांचं ट्रेनिंग झालेलं नाही आणि जामिनासाठी तिजोरीत आहेत ८७ डॉलर ५० सेंट. मुद्दे सगळे रास्त. विद्यार्थ्यांनी ऐकून घेतलं आणि ठरवलं की आता थांबायचं नाही. १३ फेब्रुवारीला, शनिवारी, बर्फ पडलेलं असताना, १२४ विद्यार्थी चांगले कपडे घालून, हातात अभ्यासाची पुस्तकं घेऊन डाउनटाउनमध्ये गेले आणि तीन दुकानांत काउंटरवर बसले. वेट्रेस गोंधळल्या. काउंटर बंद झाले. दोनेक तासांनी मुलं शांतपणे उठून परत आली.

खरी परीक्षा २७ फेब्रुवारीला झाली. आदल्या दिवशी कुणकुण लागली होती की उद्या गुंड येणार आणि पोलीस बाजूला होणार. जॉन लुईस आणि त्याचा रूममेट बर्नार्ड लाफायेट यांनी नियमांचा कागद तयार केला, तो सायक्लोस्टाइल करून वाटला. परत मारायचं नाही, शिवी द्यायची नाही, मोठ्याने हसायचं नाही, सरळ बसायचं, तोंड काउंटरकडे, दार अडवायचं नाही, काही गंभीर घडलं तर आपल्या गटप्रमुखाला कळवायचं. असे साधे, तपासता येण्यासारखे नियम. 'शूर व्हा' असा नियम त्यात नव्हता. शूर व्हा म्हटल्यावर माणसाने नक्की काय करायचं?

गुंड आले. पाठीवर सिगारेटी विझवल्या, केस ओढले, स्टुलावरून खेचून मारलं. पोलीस आले ते मारणाऱ्यांसाठी नव्हे, बसलेल्यांसाठी. शांतताभंगाच्या नावाखाली ऐंशीच्या वर विद्यार्थ्यांना अटक झाली. पण पोलिसांनी पहिली रांग उठवून नेली तर रिकाम्या स्टुलांवर दुसरी रांग येऊन बसली. ती नेली तर तिसरी. शेवटी पोलीस थांबले, कारण हे संपतच नव्हतं.

कोर्टात ५० डॉलर दंड झाला. डायान नॅशने न्यायाधीशांना सांगितलं की हा दंड भरणं म्हणजे या अन्यायाला आमच्याच पैशाने हातभार लावणं, म्हणून आम्ही तुरुंगात जाऊ. ही तीच मुलगी, जिला निदर्शनांच्या दिवशी वर्गात बसल्या बसल्या तळहातांना घाम फुटायचा. समितीचं अध्यक्षपद अंगावर आलं तेव्हा ती भीतीने अस्वस्थ झाली होती, हे तिने स्वतःच पुढे अनेकदा सांगितलंय. शहरातल्या, राज्यातल्या बड्या गोऱ्या माणसांसमोर आपण उभं राहायचं? आपण कोण? भीती गेली आणि मग ती बोलली असं झालेलं नाही. भीती होतीच, फक्त त्या क्षणी काय करायचं हे पाठ झालेलं होतं.

सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये 'बस फॅक्टर' नावाचा एक काळा विनोद आहे. टीममधली किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल? आकडा एक असेल तर तुमचा टीम लीड भले कितीही हुशार असो, टीम कच्ची आहे. ३ मार्च १९६० ला व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकलं. गुरूच गेला. आंदोलनाला काय झालं? काही नाही. मंगळवारच्या शिकवणीचं सर्टिफिकेट त्या आठवड्यात मिळालं असं म्हणायला हरकत नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. ईस्टरच्या ऐन खरेदीच्या दिवसांत कृष्णवर्णीय कुटुंबांनी डाउनटाउनवर बहिष्कार टाकला, गोरी गिऱ्हाइकंही गोंधळाला घाबरून येईनाशी झाली. १९ एप्रिलला पहाटे विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर डायनामाइट फेकला गेला. लूबी पतिपत्नी वाचले, पण समोरच्या मेहॅरी मेडिकल कॉलेजच्या एकशेचाळीसच्या वर काचा फुटल्या. त्याच दिवशी काही हजार लोक महापौरांच्या कचेरीकडे निघाले. घोषणा नाहीत, गाणी नाहीत, नुसता पावलांचा आवाज.

पायऱ्यांवर महापौर बेन वेस्ट उभे होते. आधी सी. टी. व्हिव्हियन या तरुण पाद्र्याने कडक निवेदन वाचलं. महापौर चिडले, वादावादी झाली. मग डायान पुढे आली. तिने त्यांना पदाबद्दल काही न विचारता माणूस म्हणून विचारलं, की केवळ कातडीच्या रंगावरून भेदभाव करणं तुम्हाला चुकीचं वाटतं का? महापौर म्हणाले, वाटतं. मग लंच काउंटर खुले व्हावेत का? त्यांनी मान्य केलं. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा.

मला या प्रसंगात डायानचं धाडस दिसतंच, पण त्याहून जास्त मंगळवारचं तळघर दिसतं. समोरचा शत्रू आहे असं धरून चाललात तर तो शत्रूसारखाच वागेल, त्याच्यातल्या माणसाशी बोला, हे तिथे शंभर वेळा घोटवलेलं होतं. तो प्रश्न ऐनवेळी सुचलेला असेलही, पण तो सुचण्याची सवय ऐनवेळची नव्हती.

१० मे १९६० ला सहा दुकानांचे लंच काउंटर खुले झाले. तेही धूमधडाक्यात नाही. दुकानदारांशी ठरवून, ठरलेल्या वेळी, छोट्या छोट्या गटांनी, गाजावाजा न करता. टप्प्याटप्प्याने रोलआउट म्हणा ना! (आपला महाराष्ट्र तेव्हा जेमतेम दहा दिवसांचा होता.)

आता या पोरांचं पुढे काय झालं? मे १९६१ मध्ये 'फ्रीडम राइड्स' सुरू झाल्या. गोरे-काळे एकत्र आंतरराज्य बसने दक्षिणेत जायचे. १४ मेला अलाबामात एक बस जाळली, दुसऱ्या बसमधल्यांना बर्मिंगहॅमला बेदम मारलं. मूळ संघटनेने प्रवास थांबवला. नॅशव्हिलच्या समितीने ठरवलं की हिंसेपुढे हे थांबलं असा संदेश जाता कामा नये. केनेडी सरकारचा एक अधिकारी डायानला फोनवर विनवत होता, पोरं मरतील. तिचं उत्तर, त्यांनी काल रात्रीच मृत्युपत्रं करून ठेवलीत. १७ मेला दहा जणं निघाली. टर्म संपत आलेली, परीक्षा तोंडावर. टेनेसी स्टेट विद्यापीठाने या प्रवासासाठी आपल्या चौदा विद्यार्थ्यांना काढून टाकलं (त्यांना मानद पदव्या मिळाल्या २००८ साली, म्हणजे ४७ वर्षांनी!). त्या उन्हाळ्यात तीनशेच्या वर लोक मिसिसिपीच्या तुरुंगात गेले आणि १ नोव्हेंबर १९६१ पासून आंतरराज्य बस आणि बसस्टँडवरचा वर्णभेद केंद्राच्या हुकमाने बंद झाला. अडखळत बोलणारा जॉन लुईस २३ व्या वर्षी वॉशिंग्टनच्या प्रचंड मोर्चापुढे, किंग यांच्याच व्यासपीठावरून बोलला, आणि १९८७ पासून २०२० साली मृत्यू होईपर्यंत अमेरिकी काँग्रेसमध्ये होता.

पण चित्र एकरंगी करायला नको. त्याच तळघरातला मॅरियन बॅरी पुढे वॉशिंग्टनचा महापौर झाला आणि १९९० मध्ये कोकेन बाळगल्याबद्दल दोषी ठरला. तिथलाच जेम्स बेव्हल, आंदोलनाचा एक अतिशय कल्पक मेंदू, २००८ मध्ये स्वतःच्या मुलीच्या लैंगिक शोषणासाठी शिक्षा झालेला गुन्हेगार ठरला. म्हणजे या शिकवणीने माणूस आयुष्यभरासाठी चांगला बनवून मिळत नव्हता. एका विशिष्ट परिस्थितीत, इतरांच्या साथीने, नीट कसं वागायचं एवढंच ती शिकवत होती. साथ सुटली, सराव सुटला की प्रत्येक जण पुन्हा आपापल्या जबाबदारीवर. नेत्याला देवघरात बसवायची आपल्याकडे फार सवय आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

तर माझ्यापुरतं उत्तर असं, की नेतृत्व शिकता येतं. पण ते शिकण्यासाठी दोन गोष्टी लागतात आणि दोन्ही आपल्या कॉलेजांत आणि ऑफिसांत दुर्मिळ आहेत. एक, खरा प्रश्न, जो सुटला नाही तर कोणाचं तरी खरंच नुकसान होणार आहे. आणि दुसरं, अपयशाचा सराव करायला एक सुरक्षित खोली, जिथे तुम्हाला पाडणारा तुमचाच मित्र असतो आणि पाडल्यावर तोच हात देऊन उठवतो. गेल्या वर्षभरात मी टीममध्ये एक छोटी गोष्ट सुरू केलीय. क्लायंटबरोबरचा अवघड कॉल असेल तर आदल्या दिवशी अर्धा तास आम्ही तो खोटा खोटा करतो, कोणीतरी वैतागलेला क्लायंट होतो, आणि कॉल कोण चालवणार हे दर वेळी बदलतं. सगळ्यात ज्युनियर मुलीने परवा असा एक कॉल चालवला. छान चालवला. तुलना करायची लायकी नाही, पण पद्धत तीच.

लॉसन यांना व्हँडरबिल्टने २००६ साली सन्मानाने शिकवायला परत बोलावलं. जून २०२४ मध्ये, ९५ व्या वर्षी, ते गेले. नागपूरला गेलात तर सिव्हिल लाइन्समधून जाताना हिस्लॉप कॉलेज दिसेल. १९५३ साली तिथे एक पंचवीस वर्षांचा, नुकताच तुरुंगातून सुटलेला परदेशी माणूस पोरांना खेळ शिकवत होता आणि स्वतः काहीतरी शिकत होता, एवढं आठवून पुढे जा.